चार ते नऊ : फोंड्याकडच्या एका घरातली संध्याकाळ

पाऊस नुकताच लागला होता. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. वजनाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मुलाच्या मानेवरचा काळा पट्टा जात नाही, एवढीच तिची तक्रार होती. बेसन-दही लावून झालं होतं, लिंबू चोळून झालं होतं, शेवटी काथ्याने घासून झालं होतं. घासून घासून एका बाजूची कातडी सोलवटली होती. मुलगा मान खाली घालून बसला होता. घरी त्याला बाबू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

तो पट्टा मळाचा नव्हता. मानेच्या घडीत आणि काखेत कातडी अशी मखमलीसारखी जाड, काळपट होते, तेव्हा बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं. साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे कातडीच्या पेशी वाढतात. हे आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मुलाच्या मानेवरून हळुवार हात फिरवला. महिनोन् महिने आपण त्याला उगाच घासत होतो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

बाबू तेव्हा नऊ वर्षं आठ महिन्यांचा होता. उंची १४० सेंटिमीटर, वजन ५०.५ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. त्याचा आला २५.८. मोठ्या माणसाला हा आकडा फारसा भयंकर वाटणार नाही, पण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलतो, म्हणून तो तक्त्यावर मांडूनच वाचावा लागतो. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते आपल्या मुलांसाठी बनवलेले आहेत. त्यांत जादा वजनाची रेघ मोठेपणीच्या २३ शी आणि लठ्ठपणाची रेघ मोठेपणीच्या २७ शी जुळवलेली आहे. बाबूचा ठिपका वरच्या रेघेच्याही बराच वर पडला. कंबर ८२ सेंटिमीटर भरली. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, हा टेप घेऊन कुठल्याही घरात तपासता येईल असा आडाखा आहे. त्याच्या बाबतीत निम्मं म्हणजे ७०.

'थायरॉईडचं काही असेल का?' हा प्रश्न येतोच, इथेही आला. हार्मोनच्या आजाराने जाड झालेलं मूल सहसा उंचीत मागे पडतं. बाबू वर्गात सगळ्यांत उंच होता. खाण्यापिण्यातून, बैठेपणातून आणि आनुवंशिकतेतून आलेल्या लठ्ठपणात मुलं वयाच्या मानाने उंचच दिसतात, आणि म्हणूनच 'हाडापेराने मोठा आहे' असं म्हणत घरचे निश्चिंत राहतात. मी रक्ततपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल आणि यकृताची एसजीपीटी एवढंच पाहिलं. एचबीएवनसी ५.८ आलं. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी. एसजीपीटी ६२, म्हणजे यकृतावर चरबी साचू लागल्याची शंका. रक्तदाब मोठा पट्टा लावून तीन वेळा मोजला. तो वय आणि उंचीच्या मानाने उंबरठ्यावर होता. रात्री घोरतो, सकाळी उठवत नाही, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. टॉन्सिल थोडे मोठे होते, पण लगेच काही करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

बाबूच्या वडिलांना एकेचाळिसाव्या वर्षी मधुमेह आहे. ते कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. पहिल्या भेटीला ते आले नव्हते. 'मीही लहानपणी असाच होतो, वाढला की बारीक होईल,' असा निरोप त्यांनी आईकडे दिला होता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं : २६.४ टक्के प्रौढ. चौघांत एकाहून जास्त. माझ्यासमोरच्या या घरात तो एक कोण हे ठाऊक होतं, आणि दुसरा कोण होऊ शकतो हेही दिसत होतं.

यापुढे मी जे केलं ते चुकलं. ते लिहिणं भाग आहे, कारण ही चूक अनेक दवाखान्यांत रोज होते.

मी आहाराचा तक्ता दिला. सकाळी ओट्स, दुपारी दोन चपात्या आणि सॅलड, भात अर्धी वाटी, मासे तळलेले नकोत, रात्री सूप. कागद नीटनेटका होता. त्या कागदात गोव्याचं घर कुठेच नव्हतं. दोन महिन्यांनी बाबू आला तेव्हा वजन ५२.१ किलो झालं होतं, बीएमआय २६.३. ओट्स आठवडाभर चालले. दुपारी सगळ्यांच्या ताटात शीत (भात) आणि बांगड्याचं हुमण (नारळाची कढी), याच्या ताटात चपाती. सहा वर्षांची धाकटी बहीण काटकुळी, तिला 'अंगाला लागू दे' म्हणून वेफर्सचं पाकीट, आणि याने ते बघत बसायचं. आईला एक दिवस गादीखाली बिस्किटांची रिकामी पाकिटं सापडली. ती रडली, तोही रडला. मी त्याला पथ्य दिलं होतं आणि त्याने त्यातून लपून खाणं शिकून घेतलं होतं. लपून खाण्याची सवय एकदा लागली की भूक आणि लाज एकमेकींत गुंततात. पुढे ते सोडवणं फार कठीण जातं.

मुलांच्या लठ्ठपणावर घराला धरून उपचार करावेत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाईन यांच्या गटाने आई-वडिलांना मुलाबरोबरच सवयी बदलायला लावल्या आणि दहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं. ते निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. पालक आणि मूल दोघांवर मिळून काम झालं होतं ती मुलं सर्वांत बरी टिकली होती. माहीत असूनही दहा मिनिटांच्या भेटीत कागद देणं सोपं वाटलं. अमेरिकन बालरोग अकादमीची २०२३ ची मार्गदर्शक सूत्रं तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांची प्रत्यक्ष भेट सुचवतात. आपल्याकडे कुणाला एवढे तास मिळत नाहीत. पण २६ तास आणि दहा मिनिटं यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे.

मग मी सगळ्यांना बोलावलं. आई, वडील, बहीण आणि मुख्य म्हणजे आजी. शनिवारी दुपारी, शेवटचा पेशंट गेल्यावर.

आजी सत्तरीच्या. आल्या आल्या म्हणाल्या, 'वाडटो जीव तो डॉक्टर, खांवदी ताका.' वाढता जीव आहे, खाऊ दे त्याला. त्यांच्या लहानपणी घरात सहा भावंडं आणि पेजेचं एक भांडं. भुकेल्या पोटी झोपलेल्या माणसाला नातवाचं भरलेलं ताट म्हणजे काय वाटतं, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना फक्त कालचा दिवस सांगायला सांगितलं. सकाळपासून, वेळेसकट.

सकाळी चॉकलेट पावडर घातलेलं दूध, वर साखर, चार बिस्किटं. शाळेत डबा, शिवाय माध्यान्ह आहाराची पाव-भाजी, म्हणजे तासाभरात दोन खाणी. दुपारी दोनला घरी शीत, हुमण, तळलेला एखादा तुकडा, भाजी. आई म्हणाली, 'भातच बंद करू का?' मी नाही म्हटलं. दुपारचं जेवण त्या घरातलं सर्वांत चांगलं जेवण होतं. आजी समोर बसवून वाढत होती, उकड्या तांदळाचा भात होता, मासळी होती, पोरगं पोटभर जेवून उठत होतं. आमच्याकडे वजन म्हटलं की पहिली कुऱ्हाड शीत-कडीवर पडते आणि बिस्किटांचा डबा तसाच फळीवर राहतो.

खरी गोष्ट चारनंतर सुरू होत होती. चारला चहा, बिस्किटं. पाच ते सात शिकवणी, वाटेतल्या गाड्यावरून वेफर्स आणि आंब्याच्या पेयाची बाटली. साडेसातला परतताना पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा : गरम उंडे, म्हणजे गोल पाव. लोणी आणि साखर लावून दोन. मग मोबाईल. आठवड्यातून दोनदा वडील पाळीवरून येताना पार्सल आणत. जेवण साडेनऊला, टीव्हीसमोर. ताट सहा मिनिटांत रिकामं. झोप अकराला. सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे साडेसात तास. या वयाला नऊ ते बारा तास हवेत. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, ती भातावर भागत नाही, गोड आणि कुरकुरीत मागते.

मी कागदावर आडवी रेघ ओढली, एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला नऊ. त्या पाच तासांत काय काय पोटात जातं ते आजींनीच एकेक करून सांगितलं आणि मी खुणा केल्या. सात खुणा झाल्या. आजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. दुपारी दोनला त्या वाढत होत्या ते सगळं त्यांना ठाऊक होतं. चारनंतरचं एकत्र असं कुणीच पाहिलं नव्हतं. २५० मिलिलिटरच्या गोड पेयात साधारण २५ ते ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच ते सात चमचे. बाबूच्या वयाच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. एवढी तर शिकवणीच्या वाटेवरच संपत होती, आणि पातळ पदार्थाने पोट भरल्याचं मेंदूला नीट कळतही नाही.

त्या दिवशी वजन उतरवायचं नाही असं ठरलं. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला. वाढत्या मुलाचं वजन जागच्या जागी थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी बीएमआय उतरतो. ५२.१ किलोचाच बाबू १४७ सेंटिमीटरचा झाला तर आकडा २६.३ वरून २४.१ वर येतो, एक किलोही न घटवता. वडिलांनी मोबाईलवर हिशोब करून पाहिला आणि पहिल्यांदा पुढे सरकून बसले. त्यांनीच वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं. ती औषधं मार्गदर्शक सूत्रांत बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहेत, आणि तीही सवयी बदलण्याच्या जोडीने. नऊ वर्षांच्या मुलासाठी तो विषयच नाही.

चारचं खाणं आजींनी घेतलं. बिस्किटं कमी करा असं मी सांगितलंच नाही. 'तुम्ही चार वाजता काय खायचात?' एवढंच विचारलं. उकडलेली कणगां (रताळ्यासारखे कंद). चण्यांची उसळ, वर खोबरं. अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे कालवण, उरलं तर तेच. नाचणीचं तिजान (खीर), गूळ बेताचा. पावसात तवशी (काकडी), इतर वेळी केळं. पोट भरणारं, चावावं लागणारं, घरातलं आणि स्वस्त. माझ्या तक्त्यातले ओट्स यापुढे फिके होते. आजींना वाढायचं होतं, ते सुटलं नाही. वाढायचं काय तेवढं बदललं.

आईने किराणा घेतला. वेफर्स, गोड पेयं, क्रीमची बिस्किटं घरात आणायची नाहीत, बहिणीसाठीही नाहीत, पाहुण्यांसाठीही नाहीत. घरात नसलेल्या वस्तूला 'नको' म्हणत बसावं लागत नाही. दुधातली पावडर आठवडाभरात अर्ध्या चमच्यावर आणि मग बंद. शाळेच्या डब्यात फक्त फळ, कारण पाव-भाजी मिळतेच. शाळेच्या फाटकाला लागून एक दुकान होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकता येत नाहीत. आईने पालकसभेत हे मांडलं. दुकान तिथेच आहे, पण वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिल वाटायची हे वर्गाने मान्य केलं.

पोदेर बंद करायचा नाही, हे माझं मत होतं आणि अजून आहे. संध्याकाळचा भोंगा ऐकू आला की गोव्यातलं मूल धावतंच. उंडा एक, तोही आठच्या जेवणात भाजीबरोबर, असं ठरलं. कोंड्याची पोय (चपटा पाव) मिळाली तर ती. मात्र हल्ली पुष्कळ पोयांत मैदाच जास्त असतो, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवू नका असंही सांगितलं.

वडिलांवर जेवणाची वेळ होती. आठला ताटं, टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाईल फडताळात, त्यांचा स्वतःचाही. हे सर्वांत जड गेलं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते घरीच नसत, तेव्हा आजीने राखलं. पार्सल महिन्यातून एकदा, सगळ्यांनी मिळून, ताटात काढून.

हालचालीचं गाडं मात्र बराच काळ अडलं. रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. गावात फुटबॉलचं मैदान आहे. बाबूला तिथे नेहमी गोलात उभं करत, कारण 'तो उभा राहिला की गोल भरतो'. हे त्याने मला तिसऱ्या भेटीत, आई बाहेर गेल्यावर सांगितलं. त्याला मैदानावर ढकललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून आजही अस्वस्थ व्हायला होतं. शिकवणी एक तासावर आणली आणि तिथे पायी जायचं ठरवलं. पावसात छत्री घेऊन, जाऊन-येऊन अर्धा तास. आजी संध्याकाळी देवळात जात, त्यांच्याबरोबर तो जाऊ लागला. देवळाच्या अग्रशाळेच्या (भक्तांच्या उतरण्याच्या जागेच्या) लांब पडवीत गावची पोरं पाऊस असला की पकडापकडी खेळतात. तिथे संघ निवडायचे नसतात, गोल राखायचा नसतो. दोन महिन्यांत आजी दर्शन घेऊन एकट्या घरी परतायला लागल्या, हा मागे राहायचा.

चवथ (गणेश चतुर्थी) आली. नेवऱ्यांशिवाय (करंज्यांशिवाय) चवथ असूच शकत नाही आणि मी तसं सुचवलंही नाही. आजींनी डबा खोलीतून उचलून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला. नेवरी जेवताना पानात, सगळ्यांना सारखी. खतखतं मात्र हवं तेवढं. दहाबारा भाज्यांचं ते भांडं बाबूला आवडतं, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

डिसेंबरात उंची १४३, वजन ५१.९, बीएमआय २५.४. आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा जरासाच खाली होता, पण ऑगस्टपासून वजन थांबलं होतं. घोरणं कमी झालं होतं. झोप साडेनऊवर आली होती.

मग शिगमो, गोव्यातला होळीचा सण. गावचं रोमट (ढोल-ताशांचं मिरवणूक पथक) फेब्रुवारीत तालमीला बसलं आणि बाबूने ताशा मागितला. मिळालं कासाळं (मोठी झांज). महिनाभर रोज संध्याकाळी तास-दीड तास, ढोलाच्या ठेक्यावर पाय टाकत, घामाने चिंब. मी सुचवलेल्या कुठल्याही व्यायामापेक्षा हा दमदार होता आणि कुणीही त्याला तो व्यायाम म्हणत नव्हतं. मार्चच्या मिरवणुकीत तो सबंध वाट नाचला. वजन ५१, उंची १४४.६, बीएमआय २४.४.

मे महिन्याची सुट्टी मामाकडे गेली. आंबे, फणस, मावसभावंडं, रात्री बारापर्यंत जागरण, रोज बाटलीबंद पेयं. महिनाअखेर वजन ५२.२. आई जवळजवळ अपराधी चेहऱ्याने आली. मी तक्ता पुढे केला : १४५.६ उंचीला बीएमआय २४.६, मार्चपेक्षा किंचित वर, गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ खाली. मुलाच्या आयुष्यात सुट्टी असायलाच हवी. मामांना बोल लावायचा नाही, आणि बाबूसमोर 'सगळं पाण्यात गेलं' हे वाक्य उच्चारायचं नाही, एवढंच मी बजावलं. घरी वजनकाटा ठेवू नका हेही पुन्हा सांगितलं. काटा दवाखान्यात, दोन-तीन महिन्यांनी एकदा, पुरे.

ऑगस्टमध्ये, चौदा महिन्यांनंतर, उंची १४७.२, वजन ५१.८, बीएमआय २३.९. कंबर ७७. एचबीएवनसी ५.५, एसजीपीटी ३४. रक्तदाब उंबरठ्याच्या आत. मानेवरचा पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही. तक्त्यावर ठिपका अजून लठ्ठपणाच्या रेघेच्या वरच आहे, पण त्याचं अंतर निम्म्याने घटलं आहे. आता वयात येण्याची वर्षं सुरू होतील, तेव्हा उंची झपाट्याने वाढेल; त्या काळात सवयी टिकल्या तर ठिपका रेघेखाली उतरू शकतो. तसं होईलच असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

वडिलांचं वजन चार किलोंनी कमी झालं आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी एक गोळी अर्ध्यावर आणली. बहिणीला मी या वेळी पहिल्यांदाच तक्त्यावर मांडलं. ती वयाच्या मानाने अगदी योग्य आहे, काटकुळी वगैरे काही नाही. हे ऐकून आजी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'मग हांव तिच्या फाटल्यान खावपाक घेवन धांवतां तें कित्याक?' मग मी खायला घेऊन तिच्यामागे धावते ती कशाला?

जाताना बाबूने विचारलं की पुढच्या शिगम्याला ढोल उचलता येईल का, त्याला खांद्यावर पट्टा सोसायला हवा, रोमटातली मोठी पोरं म्हणतात अजून वर्षभर थांब. मी त्याचे खांदे तपासले, पाठ तपासली आणि केसपेपरवर लिहिलं : पुढची भेट चवथीनंतर, ढोलाबद्दल तेव्हा बोलू.